निळू फुले : वाड्याच्या बाहेरचे

तिसरी_घंटा

गेल्या आठवड्यात भाचा घरी आला होता. वय बावीस. जेवताना कुणाच्या तरी तोंडून निळू फुल्यांचं नाव निघालं आणि याने लगेच मान तिरकी केली, आवाज घोगरा काढला, 'बाई, वाड्यावर या.' सगळे हसले. मीही हसलो. मग सहज विचारलं, हे कुठल्या सिनेमातलं रे? माहीत नव्हतं. बरं, त्यांचा एखादा सिनेमा पाहिलायस? एकही नाही. त्याला फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्टिकर ठाऊक होता.

खरं सांगायचं तर मलाही उत्तर देता आलं नसतं. त्यांचे पंचवीस-तीस सिनेमे तरी पाहिले असतील, पण हे वाक्य नेमकं याच शब्दांत कुठे ऐकल्याचं आठवत नाही. कुणाला सिनेमा आणि प्रसंग दोन्ही ठाऊक असतील तर सांगा. 'मी स्वतः ऐकलंय' असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटले, सिनेमाचं नाव विचारलं की विषय बदलतात.

त्या रात्री आम्ही दोघांनी 'सामना' लावला. पहिला अर्धा तास साहेबांचं एक बोट मोबाइलवर. मग मोबाइल उपडा पडला तो शेवटपर्यंत. संपल्यावर म्हणाला, "मामा, हा माणूस तर ओरडतच नाही."

म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म पुण्याचा, १९३०चा. तरुणपणी सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (पुणेकरांच्या भाषेत एएफएमसी) माळ्याची नोकरी. जोडीला राष्ट्र सेवा दल (समाजवादी विचारांची युवक संघटना), आणि सेवा दलाचं कलापथक. १९५७च्या निवडणुकीच्या वेळी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग (तमाशाच्या ढंगाचं लोकनाट्य) लिहिला. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये रोंगे केला. मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची', त्या लोकनाट्याने नाव गावोगाव नेलं. १९६८ साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मध्ये झेलेअण्णा. पुढे 'सोंगाड्या', 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन', रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' आणि 'सूर्यास्त', हिंदीत 'कुली', 'मशाल', 'सारांश'. १९९१चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले.

आता तुम्ही लिहा. माहितीपेक्षा आठवणी आल्या तर जास्त बरं.

---

रानजाई

वाचनखूण साठवली.

माळीकामाचा उल्लेख लोक 'बघा, किती साध्या घरातून वर आले' या थाटात करून पुढे सरकतात. मला त्यातली एक गोष्ट नेहमी थांबवते. त्यांना स्वतःची रोपवाटिका काढायची होती. पैशांअभावी ते जमलं नाही. पगार महिना ८० रुपये आणि त्यातले १० रुपये ते सेवा दलाला देत. पगाराचा आठवा हिस्सा! माझ्या पगाराचा आठवा हिस्सा काढून कुठे द्यायचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

(अवांतर : बागकाम करणारा माणूस बघत बसायला शिकतो. रोप आज लावलं म्हणून उद्या फूल येत नाही. त्यांच्या संवादांमधले थांबे मला त्या बागेतले वाटतात. हा माझा लाडका समज आहे, पुरावा मागू नये.)

---

कनातवाला

आठवणी मागितल्यात म्हणून लिहितो.

आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. कनात ठोकलेली, मागे जनरेटर धडधडतोय, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. रीळ बदलताना शिट्ट्या. लहान पोरं अगदी पडद्याला चिकटून, त्यामुळे पडद्यावरचा माणूस आम्हाला कायम लांबुडका दिसायचा.

हिरो आला की बाप्ये शिट्ट्या मारायचे. निळू फुले आले की बायांच्या बाजूने आवाज यायचा. माझी आजी एरवी कुणाला अरेतुरे न करणारी. पण पडद्यावर धोतराचा सोगा हातात धरून, तोंडात पान घोळवत हा माणूस दारात उभा राहिला की ती कडाकडा बोटं मोडायची. "मुडदा बशिवला ह्येचा, आला बग." शेजारच्या बाया त्याच सुरात. एकदा तर तिने पिशवीतली चप्पल काढून हातात घेतली होती, मारणार कुणाला हे तिलाही ठाऊक नसावं. सिनेमा सुटल्यावर घरी जाताना अंधारात माझा हात जरा जास्तच घट्ट धरला होता तिने.

खुद्द निळूभाऊंना प्रत्यक्षातही बाया अशाच शिव्या देत आणि ते ती आपल्या कामाची पावती समजत, हे सगळ्यांनीच ऐकलं-वाचलं असेल. मी ती पावती फाडली जाताना समोर होतो, एवढंच.

---

खवचट_मुंगूस

दुधात मिठाचा खडा टाकायला आलोय, राग मानू नये.

'सामना', 'सिंहासन', 'बाइंडर', कबूल. पण या शंभराहून जास्त सिनेमांत डझनावारी असे आहेत ज्यांत तोच सरपंच, तीच टोपी, तीच तिरकी मान, तोच शेतातला बलात्काराचा प्रसंग आणि शेवटी तोच मार खाणं. ऐंशीच्या दशकातले काही आज सलग बघवत नाहीत. स्टिकर बनवणाऱ्या पोरांना शिव्या देण्याआधी हे मान्य करा, की स्टिकरचा कच्चा माल आपल्याच निर्मात्यांनी पुरवलाय. एक नाणं चाललं की टांकसाळ उघडायची ही जुनी खोड. गणपत पाटलांना नाच्याच्या पलीकडे कुणी जाऊ दिलं का? तिथेही तेच.

---

तिसरी_घंटा

@मुंगूस, राग कसला. गणपत पाटलांचं उदाहरण तर काळजात घुसणारं आहे. फक्त एक फरक. निळूभाऊंना साचा मिळाला तेव्हा साच्याबाहेरचं कामही त्याच वर्षांत त्यांच्याकडे चालू होतं. पडद्यावर 'सोंगाड्या' आणि 'पिंजरा', आणि तेव्हाच, १९७२मध्ये, रंगमंचावर 'सखाराम बाइंडर'. दोन्हीकडे एकच माणूस.

बाइंडरवर कुणी नाटकवाला लिहील का?

---

विंगेतून

लिहितो. जरा लांबेल.

आमच्या हौशी संस्थेने वीसेक वर्षांपूर्वी 'सखाराम' बसवायला घेतलं होतं, सखाराम माझ्याकडे. (प्रयोग झाला नाही, पैशांचं आणि इतर बरंच काही फाटलं, ते असो.) मी पहिल्या तालमीला निळू फुले करत आलो. घोगरा आवाज, ओठाचा कोपरा खाली, डोळा अर्धा मिटलेला. दिग्दर्शकाने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू त्यांचा आवाज केलास. ते ऐकायचे कसं, ते कर."

तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतं.

सखाराम हा छापखान्यातला बाइंडर. ब्राह्मणाच्या घरात जन्मला, बापाच्या माराला कंटाळून लहानपणीच पळाला. लग्न मानत नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो, खायला-ल्यायला देतो, बदल्यात सगळं काम आणि सगळं अंग मागतो, आणि हे सगळे नियम आणल्या दिवशीच तोंडावर सांगतो. पहिला प्रवेशच तो. लक्ष्मी घरात पाऊल टाकते आणि हा बोलत सुटतो. वाचताना वाटतं, काय हा बेमुर्वत माणूस. पण रंगमंचावर त्या पानभर बोलण्यात एक भीती हवी असते, ही बाई गेली तर, ही. ती भीती नसली तर सखाराम नुसता रेडा होतो. मी रेडाच करत होतो.

आणि मग तो मुंगळ्याचा प्रसंग. लक्ष्मी एकटी असताना मुंगळ्याशी बोलते, हसते, त्याला भरवते. सखाराम आत येतो, त्याला वाटतं घरात कुणी परका आहे. शोधतो. सापडतो मुंगळा. तिथे नटाला वाक्यं फारशी नाहीत. ज्या बाईला आपण हाणतो ती आपल्याशी कधीच अशी हसली नाही, हे त्या माणसाला कळतं आणि कळल्याचं दाखवायचं नाही. करून बघा कधी.

निळूभाऊ वगातून आलेले. वगात समोरचा काय टाकेल त्यावर तुमचं पुढचं वाक्य. पेट्रोमॅक्सच्या उजेडात हजार-दोन हजार माणसं, मध्येच कुत्रं भुंकतंय, कुणीतरी टोमणा मारतंय, ते सगळं घेऊन खेळायचं. तिथे ऐकता आलं नाही तर नट मेला. ती शिकवण त्यांनी विजय तेंडुलकरांच्या घट्ट बांधलेल्या संहितेत आणली.

समोर लालन सारंगांची चंपा (लक्ष्मीनंतर घरात आणलेली बाई), कुसुम कुलकर्णींची लक्ष्मी. दिग्दर्शन कमलाकर सारंगांचं. सेन्सॉरने अडवलं, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. शिव्या, निदर्शनं, सगळं झालं. पण शेवट आठवा. चंपाचा गळा दाबून झाल्यावर सखाराम बसून राहतो आणि खड्डा खणायला उठते ती लक्ष्मी. अख्खं नाटक आरडाओरडा करणारा माणूस शेवटी हातपाय गळालेला. ज्या नटाला नुसतं बलदंड दिसायचंय त्याला हा शेवट नको असतो.

---

रानजाई

@विंगेतून, 'मी रेडाच करत होतो' वाचून फुटले. पण पुढचं वाचून गप्प झाले.

---

उसाचा_फड

मी साखर कारखान्याच्या पट्ट्यातला. नाटकातलं कळत नाही, माणसं कळतात.

जुन्या मराठी सिनेमातला दुष्ट माणूस म्हणजे मिशीवाला पाटील नाहीतर सावकार. बंदूक, घोडा, चाबूक. आमच्या वडिलांच्या काळात खेड्यातली सत्ता वाड्यातून उठून कचेरीत गेली होती. राज्य झालं १९६०ला, जिल्हा परिषदा आल्या १९६२ला, त्याच्या आगेमागे सहकारी कारखाने, सोसायट्या, दूध संघ, बँका. मग ज्याच्या हाती उसाच्या तोडीची चिठ्ठी तो राजा. त्याला चाबूक कशाला लागतो? तुमचा ऊस फडात वाळत ठेवला की झालं. वर चहा पाजून, "काळजी करू नका, बघतो मी" म्हणणार.

हा नवा माणूस पडद्यावर पहिल्यांदा कुणी नीट उभा केला असेल तर 'सामना'तल्या हिंदुराव धोंडे पाटलाने. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या १९७५च्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव गावाचा विकास करतोय, आणि खरंच करतोय बरं का, ही गंमत आहे. कारखाना आहे, कोंबड्या आहेत, रस्ते आहेत. आणि एक दारुडा मास्तर येऊन एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं?

श्रीराम लागूंच्या मास्तरवर सगळे बोलतात. तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा तो प्रश्न आला की मास्तरकडे बघू नका, हिंदुरावाकडे बघा. पहिल्यांदा तो हसण्यावारी नेतो. मग आवाज आणखी मऊ करतो. मग खातिरदारी वाढवतो. चिडत नाही. आमच्याकडे चेअरमन चिडला तर लोक निर्धास्त व्हायचे, चिडला म्हणजे वाफ गेली. मऊ बोलायला लागला की घरातले दागिने मोजून ठेवायचे.

मी असा माणूस तीन फुटांवरून पाहिलाय, वडील हातात टोपी घेऊन उभे होते तेव्हा. नाव-गाव सांगत नाही. निळूभाऊंनी तो कुठे पाहिला असेल कोण जाणे, पण पाहिला होता.

---

अबोली

सगळे प्रतिसाद वाचले, आता माझं.

कनातवाल्यांच्या आजीने परत जाताना हात घट्ट का धरला, यावर कुणी काही बोललं नाही.

'वाड्यावर या' ऑफिसच्या ग्रुपवर येतो. नवीन मुलगी टीममध्ये आली की कुणीतरी टाकतोच. हसणारे सगळे पुरुष असतात असं नाही, मीही हसणारी इमोजी टाकलेली आहे, उगाच कशाला वाकडं दिसा. पण त्या वाक्याचा अर्थ काय? बाईला वाड्यावर बोलावणं. ज्यांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती त्यांना बोलावणं. आजीच्या पिढीला हे वाक्य विनोदी वाटलं नसतं.

निळू फुल्यांनी ते पडद्यावर इतकं किळसवाणं केलं, की बाया चप्पल काढायच्या. चाळीस वर्षांनी आपण त्याच अभिनयाचा गुदगुल्या करणारा स्टिकर केला. मला नटाची चूक दिसत नाही, पण कुठेतरी उलटंपालटं झालंय खरं. खलनायकावर प्रेम बसलं.

---

खवचट_मुंगूस

@अबोली, पूर्ण सहमत, आणि मी सहसा कुणाशी सहमत होत नाही.

त्यात एक तांत्रिक मुद्दाही आहे. नकलाकार ते वाक्य हेल काढून, लांबवून, जोरात म्हणतात. टाळ्यांसाठी म्हणतात. मूळ माणूस तळाच्या सुरात, जवळजवळ स्वतःशीच बोलायचा. वाक्याचं शेपूट गिळायचा. त्यामुळे समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं, आणि वाकला की तो त्याच्या टप्प्यात. नकलेत हे वाकणं येत नाही, म्हणून भीती येत नाही, म्हणून उरतो तो विनोद.

---

अबोली

हे पटलं. 'पुढे वाकून ऐकावं लागायचं' लक्षात ठेवते.

---

दोन_कॉलमी

निवृत्त बातमीदार. मला हिंदुरावापेक्षा दिगू टिपणीस जवळचा, कारण उघड आहे.

'सिंहासन' १९७९चा, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून. साधू स्वतः पत्रकार. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री दाभाडे म्हणजे लागू, कामगार पुढारी डिकास्टा सतीश दुभाषी, आणि या सगळ्यांच्या दिवाणखान्यांतून फिरणारा दिगू.

गंमत बघा, चार वर्षांपूर्वी ज्याने हिंदुराव केला तोच इथे सत्तेच्या दारात ताटकळणारा. हातात काही नाही. ज्याला-त्याला दिगूला काहीतरी सांगायचं असतं, आणि सांगणाऱ्याला ते छापून यायला हवं असतं किंवा अजिबात यायला नको असतं. त्याने नुसतं ऐकायचं. वर विंगेतून यांनी ऐकण्याबद्दल लिहिलंय, तेच इथे अख्खी भूमिका होऊन बसलंय. मंत्रालयाच्या जिन्यांवर मी असे चेहरे रोज पाहिलेत, एक माझाही होता. सगळं माहीत असलेला आणि त्याचं काय करायचं हे माहीत नसलेला.

शेवटी दिगू हसत सुटतो. ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने खिशातली सिगारेट काढून न पेटवताच तोंडात धरली. बाहेर आल्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी होती.

---

विंगेतून

@दोन_कॉलमी, आणि 'सूर्यास्त' विसरू नका. जयवंत दळवींचं नाटक. मुलगा मुख्यमंत्री आणि बाप जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक, आप्पाजी. निळूभाऊ आप्पाजी. म्हणजे हिंदुराव करून झाल्यावर हिंदुरावाला जाब विचारणारा म्हातारा. लोकांनी पडद्यावरचा बदमाश डोळ्यांत साठवून नाट्यगृहात यायचं आणि समोर खादीतला हा माणूस. पहिली पाच मिनिटं प्रेक्षक वाट बघत असणार, आता हा कुणाला तरी फसवणार. ती पाच मिनिटं ओलांडणं सोपं नसतं.

---

उसाचा_फड

'सारांश'मध्येही गजानन चित्रे आहेच. हिंदीवाल्यांना कळलं नसेल, आम्हाला लगेच कळलं, हा आमच्याकडूनच बदली होऊन मुंबईला गेलाय.

---

रानजाई

सेवा दलाबद्दल कुणीतरी आणखी लिहा ना. राम नगरकर, दादा कोंडके, निळू फुले, सगळे त्याच अंगणातले. पुढे तिघांच्या वाटा किती वेगळ्या.

---

तिसरी_घंटा

@रानजाई, एक लिहितो. बाबा आढाव, लागू, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला तेव्हाची गोष्ट. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं, ही कल्पना. पैसे जमवायला अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग लावले. त्यात लागू, तनुजा आणि निळूभाऊ. गावोगाव फिरले. ऐंशी रुपयांतले दहा काढून देणारा माणूस तोच, फक्त आता प्रयोग काढून देत होता.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरही असायचे. पडद्यावर गावाला नाडणारा माणूस गावात येऊन बुवाबाजीविरुद्ध बोलतोय, हे ऐकायला गर्दी व्हायची ती आधी नट बघायलाच. त्याला काही हरकत नव्हती त्यांची.

शेवटचा सिनेमा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', २००९. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा.

---

कनातवाला

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजीच्या माहेरी एक वाडा होता. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सिनेमाला मात्र दर जत्रेत न्यायला सांगायची, आणि आधी विचारून घ्यायची, "त्यो हाय का त्यात?" असला की हमखास यायची. शिव्या द्यायला.

---

अबोली

यावर काय लिहू. धन्यवाद.

---

नवा_आयडी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. पण मूळ प्रश्न राहिला की! 'बाई, वाड्यावर या' मी स्वतः ऐकलंय, शंभर टक्के. लहानपणी दूरदर्शनवर, रविवारी. रंगीत सिनेमा होता.

---

तिसरी_घंटा

वा! सिनेमाचं नाव?

---

नवा_आयडी

'सामना' हल्ली कुठे बघायला मिळेल?